‘द लास्ट वॉल्ट्झ’ची शॉटनोंद काढताना

संकलन शिकवणारा प्रत्येक जण एक सल्ला हमखास देतो : आवडता चित्रपट घे, आवाज बंद कर आणि एकेक शॉट कागदावर उतरवून काढ. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, शेवटपर्यंत करणारे फार नाहीत. काम वेळखाऊ आहे आणि पहिल्या दहा मिनिटांतच मान आखडते. मी गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांचं संकलन करते. चार-पाच कॅमेऱ्यांनी टिपलेली मैफल तास-दोन तासांत बसवायची, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे कुठला चित्रपट घ्यायचा याचा फार विचार करावा लागला नाही. मार्टिन स्कोर्सेसीचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’ घेतला. ‘द बँड’ या रॉक ग्रुपच्या निरोपाच्या मैफलीचा हा माहितीपट. चित्रीकरण १९७६ चं, प्रदर्शन १९७८ चं, लांबी दोन तासांना तीन मिनिटं कमी. मैफलीवरचे उत्तम चित्रपट कोणते असं विचारलं की आजही याचं नाव पहिल्या दोन-तिनांत येतं. २०१९ साली अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीतही, त्याची निवड झाली.

ज्यांना हा ग्रुप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच जण. गिटारवर रॉबी रॉबर्टसन, बेसवर रिक डँको, पियानोवर रिचर्ड मॅन्युएल, ऑर्गनवर गार्थ हडसन, हे चौघे कॅनडाचे. ड्रमवर लेव्हन हेल्म, तो अमेरिकेतल्या आर्कान्साचा. रॉनी हॉकिन्स नावाच्या रॉकअँडरोल गायकाच्या साथीला वाजवता वाजवता हे तयार झाले, मग बॉब डिलनच्या साथीला गेले आणि १९६८ साली स्वतःचा पहिला अल्बम घेऊन आले. गाणारे मुख्यतः तिघे : लेव्हन, रिक आणि रिचर्ड. रॉबर्टसन बहुतेक गाणी लिहायचा, पण मुख्य गायक तो नव्हता. ही एवढी गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

मैफल झाली २५ नोव्हेंबर १९७६ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये. अमेरिकेत त्या दिवशी थँक्सगिव्हिंगचा सण होता. विंटरलँड म्हणजे मुळात बर्फावरच्या स्केटिंगसाठी बांधलेलं सभागृह. ‘द बँड’ या नावाखालची त्यांची पहिली मैफल १९६९ साली इथेच झाली होती, म्हणून निरोपही इथूनच. आयोजक बिल ग्रॅहम यांनी पाचेक हजार लोकांना आधी टर्की पक्ष्याचं सणाचं जेवण वाढलं, वाद्यवृंद लावून जोडीनं नाचायची सोय केली आणि मग मैफल सुरू केली. तिकीट २५ डॉलर. त्या काळच्या मानानं महाग, पण जेवणासकट. ते जेवण चित्रपटात मात्र जवळपास नाहीच. इथूनच माझ्या वहीतली पहिली टीप सुरू झाली : काय घेतलं याच्या जोडीला काय सोडलं तेही लिहीत जायचं.

नोंदीची पद्धत साधी ठेवली. शॉटचा क्रमांक, सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड, म्हणजे तास-मिनिट-सेकंदातली वेळ, शॉटचा आकार म्हणजे क्लोज, मिड की वाइड, कॅमेऱ्याची हालचाल, आणि शेवटी दोन रकाने शेजारी शेजारी : ‘कोण दिसतं’ आणि ‘कोण ऐकू येतं’. हे शेवटचे दोन रकाने घातले ते केवळ सवयीनं. कामावर आम्हाला ते लागतात, कारण सोलो सतार वाजवणाऱ्याची असली आणि पडद्यावर तबला दिसत राहिला तर कलाकार फोन करून विचारतात. पुढे या दोन रकान्यांनीच मला सगळ्यात जास्त शिकवलं.

पहिली फेरी आवाज बंद करून. चित्रपट सुरू होताना पडद्यावर सूचना येते, हा चित्रपट मोठ्या आवाजात लावावा. ती वाचून आवाज बंद करायला हात धजत नव्हता. पण आवाज बंद केल्याशिवाय कॅमेरा दिसत नाही. गाणं चालू असलं की आपण गाण्यामागे जातो. आवाज गेल्यावर पहिल्यांदा जाणवली ती स्थिरता. रॉक मैफलीच्या चित्रणात कॅमेरा धावतो, हलतो, गर्दीत शिरतो, अशी आपली समजूत असते. इथे कॅमेरे रंगमंचाकडे तोंड करून शांत उभे आहेत. चेहऱ्यावर हळूहळू जवळ जाणं, एका गायकावरून दुसऱ्यावर सरकणं, तेवढीच हालचाल. आणि प्रेक्षक? अगदी थोडे. पाठमोरी डोकी, दुरून येणारी टाळ्यांची लाट, बस. स्कोर्सेसीनं आधी ‘वुडस्टॉक’ या रॉक महोत्सवावरच्या चित्रपटाच्या संकलनात काम केलं होतं. तिथे लाखोंचा जमाव हीच गोष्ट होती. इथे त्यानं जमाव बाहेर ठेवला आणि वाजवणारे एकमेकांकडे कसे बघतात तेवढंच घेतलं.

ही स्थिरता हवेतून आलेली नाही. त्याआधी असे चित्रपट बहुधा १६ मिमीवर होत, खांद्यावर कॅमेरा घेऊन, जे सापडेल ते टिपत. स्कोर्सेसीनं ३५ मिमीचे कॅमेरे लावले, सात. मायकेल चॅपमन प्रमुख छायाचित्रकार, आणि बाकीच्या कॅमेऱ्यांमागे व्हिल्मोस झिग्मंड आणि लास्लो कोव्हाक्स यांच्यासारखी माणसं. एकेक जण स्वतंत्र चित्रपट पेलणारा. बोरिस लेवेन या कलादिग्दर्शकानं सॅन फ्रान्सिस्को ऑपेराकडून ‘ला त्राविआता’ या संगीतिकेचा सेट आणला, वर झुंबरं टांगली. आणि गाण्यांसाठी चक्क पटकथा लिहिली गेली. गाण्याची ओळ, त्या ओळीला कोणावर प्रकाश, कोणता कॅमेरा कुठे, असं सगळं शेकडो पानांत. माझ्या नोंदीत ही पटकथा उलटी उमटत गेली. एका गाण्यात कडवं बदललं की नेमक्या त्याच मात्रेवर गायकाच्या अंगावरचा प्रकाश बदलतो आणि कॅमेरा तिथे आधीच पोचलेला असतो. थेट कार्यक्रमात कॅमेरा आधी पोचलेला असणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. आम्ही नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि तो अर्धा सेकंद संकलनात लपवत बसतो.

दुसऱ्या फेरीत रंगमंचाचा नकाशा काढला. प्रत्येक शॉट कुठल्या कोनातून आलाय ते बघून कॅमेऱ्याच्या जागा पेन्सिलीनं मांडत गेले. हे काम मला फार आवडलं, कारण त्यात अडचणी सापडतात. ३५ मिमीच्या हजार फुटी रिळात अकरा मिनिटं मावतात. मैफल चालली पाचेक तास. म्हणजे सातही कॅमेऱ्यांना सारखी रिळं बदलावी लागणार आणि ती सगळ्यांची एकदम संपून चालणार नाही. त्यामुळे कुठल्या गाण्याला कॅमेरे थांबवायचे हेही आधीच ठरलेलं. ठरलेलं असलं की ते फसणारही, आणि फसलं ते मडी वॉटर्सच्या वेळी.

मडी वॉटर्स म्हणजे शिकागो ब्लूजचा बाप माणूस. हे पाचही जण ज्यांची गाणी ऐकत मोठे झाले त्यातला एक. तो ‘मॅनिश बॉय’ गायला उभा राहिला तेव्हा बाकीचे कॅमेरे रीळ बदलण्यात अडकलेले होते. एकटा कोव्हाक्सचा कॅमेरा चालू होता. असं सांगतात की कानातल्या सततच्या सूचनांना कंटाळून त्यानं हेडफोनच काढून ठेवला होता, म्हणून थांबण्याची सूचना त्याला ऐकूच आली नाही. माझ्या वहीत बाकीच्या गाण्यांना पानंच्या पानं लागलीत आणि इथे नोंदी जेमतेम काही ओळींच्या आहेत. जवळजवळ अख्खं गाणं एका कॅमेऱ्यातून, एका माणसावर. शेजारी पॉल बटरफील्ड हार्मोनिकावर सूर धरून बसलाय, तो सोडायचं नाव घेत नाही. मडी प्रत्येक ओळ संपवताना थांबतो आणि जोर देऊन पुढची टाकतो. कट नसल्यामुळे ते थांबणं आपल्याला पूर्ण मिळतं. सात कॅमेरे चालू असते तर संकलकानं नक्की त्या थांबण्यात गिटार दाखवली असती. मीही दाखवली असती.

लेव्हननं आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की वेळ वाचवायला मडी वॉटर्सला यादीतून काढायचं घाटत होतं आणि त्यासाठी त्याला भांडावं लागलं. म्हणजे चित्रपटातला माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ तुकडा दोनदा हातातून निसटता निसटता राहिला. एकदा यादीतून, एकदा रिळातून.

तिसरी फेरी नुसत्या आवाजाची. चित्र झाकून ठेवायचं, कान लावायचे आणि ‘कोण ऐकू येतं’ हा रकाना भरायचा. ड्रम वाजवणाऱ्या एका मित्राला सोबत बसवलं. तो आला एका गाण्यासाठी आणि बसला शेवटपर्यंत. दक्षिणेच्या पराभवाचं, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका गरीब शेतकऱ्याच्या तोंडचं जे गाणं लेव्हन गातो, तिथे त्यानं मला थांबवलं आणि चित्र उघडायला लावलं.

“हात बघू नकोस, खांदे बघ,” तो म्हणाला. “शब्द संपायच्या आत खांदा खाली येतो आणि तिथेच ठोका पडतो. हा माणूस गाणं आणि ठेका वेगळे चालवतच नाहीये.”

“मग कॅमेऱ्यानं खांदा धरलाय का?”

“या गाण्यात धरलाय. एरवी तिघं गात असतात आणि आपण गिटारवर असतो, ते बघ जरा.”

त्यानं सहज म्हटलं, पण मी रकाने तपासायला बसले.

ते तपासण्याआधी आवाजाबद्दल एक सांगायला हवं. मैफलीचा आवाज अनेक ट्रॅकवर वेगवेगळा मुद्रित झाला आणि नंतर स्टुडिओत त्यातले बरेच भाग पुन्हा वाजवून, पुन्हा गाऊन दुरुस्त केले गेले. काही रसिकांना हे फसवणुकीसारखं वाटतं. मला वाटत नाही. पाच तास वाजवणाऱ्या माणसांचं एखादं वाद्य उतरतं, एखादा मायक्रोफोन दगा देतो. चित्रपट म्हणून जे समोर ठेवायचं ते नीट करून ठेवलं तर त्यात वावगं काही नाही. शिवाय चित्रपटातली सगळी गाणी त्या रात्रीची नाहीतच. स्टेपल सिंगर्स या गाणाऱ्या कुटुंबाबरोबरचं ‘द वेट’ आणि गायिका एमिलू हॅरिसबरोबरचं गाणं नंतर स्टुडिओतल्या मंचावर चित्रित झालं आणि तिथे कॅमेरा मोकळेपणानं फिरतो. ‘द वेट’मध्ये पहिलं कडवं लेव्हन गातो, दुसरं मेव्हिस स्टेपल्स, मग तिचे वडील पॉप्स, मग रिक. गाणं संपतं, शेवटचा सूर विरतो आणि मेव्हिस अगदी हळू आवाजात, स्वतःशीच म्हणावं तसं, ‘ब्यूटिफुल’ म्हणते. संकलकानं तो शब्द ठेवला. शॉट सुराबरोबर कापला असता तर चाललं असतं, नियमात बसलं असतं. तिथे एक सेकंद जास्त धरण्याची बुद्धी ज्याला झाली त्याचं मला फार कौतुक वाटतं.

आता रकाने. शेजारी शेजारी भरलेले दोन रकाने वाचत गेले तेव्हा एकेक माणसाचं वेगळंच चित्र तयार झालं. रॉबर्टसन ‘कोण दिसतं’मध्ये सगळीकडे आहे. सोलो वाजवताना असणारच, पण दुसरा गात असतानाही आहे. मुलाखतींमध्ये तर बहुतेक गोष्टी तोच सांगतो : सोळा वर्षं रस्त्यावर, म्हणजे दौऱ्यांवर, काढली, या रस्त्यानं किती मोठमोठे संगीतकार गिळले, आता हे थांबवायला हवं. बोलतो छान, दिसतो छान, कॅमेरा त्याच्यावर खूश आहे. तो या चित्रपटाचा निर्माताही होता. गार्थ हडसन बहुतेक वेळ ऑर्गनच्या मागे अंधारात. ‘इट मेक्स नो डिफरन्स’च्या शेवटी तो सॅक्सोफोन घेऊन पुढे येतो तेव्हा त्याच्यावर जरा प्रकाश पडतो. रिकनं ते गाणं इतकं जीव ओतून गायलंय आणि गार्थचा सॅक्सोफोन ते असा हातात घेतो, की तेवढ्यासाठी चित्रपट थांबवून मी पुन्हा लावला. मुलाखतीत गार्थ एकच मोठी गोष्ट बोलतो, की न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचे जॅझ वाजवणारे हे खरे लोकांच्या जखमा बऱ्या करणारे होते. ते बोलून तो पुन्हा गप्प.

आणि रिचर्ड मॅन्युएल. त्याच्या नावापुढे ‘ऐकू येतं’चे रकाने भरलेले आणि ‘दिसतं’चे रिकामे, असं पानामागून पान. सुरुवातीला ‘द शेप आय’म इन’ तो गातो तेव्हा दिसतो. मुलाखतीत ग्रुपचं नाव काय ठेवायचं याच्या गमती सांगतो, हसतो, तेव्हा दिसतो. पुढे मात्र शोधावा लागतो. शेवटाकडे सगळे पाहुणे एकत्र येऊन ‘आय शॅल बी रिलीज्ड’ गातात. हे गाणं डिलनचं, पण ‘द बँड’च्या १९६८ च्या पहिल्या अल्बमवर ते रिचर्डनं गायलेलं, त्याच्या त्या उंच, कधी तुटेल असं वाटणाऱ्या आवाजात. त्या रात्री मंचावर डिलन आहे, व्हॅन मॉरिसन आहे, नील यंग, जोनी मिचेल, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, रॉनी वुड, मोठी गर्दी. रिचर्डचा उंच सूर कानाला ओळखू येतो, माणूस डोळ्यांना सापडत नाही. मी तो भाग फ्रेमगणिक पुढेमागे केला. त्याचं स्वतःचं गाणं, त्याचाच निरोप, आणि त्याला चौकटीत जागा नाही.

यात दोष कोणाचा हे वहीवरून ठरवता येत नाही. पियानो कुठे ठेवला, कुठून कॅमेरा लागू शकत होता, रिचर्डची त्या काळातली तब्येत, दारू, हे सगळं त्यात असणार. पण लेव्हन हेल्मनं १९९३ साली आत्मचरित्रात हाच राग स्पष्ट मांडला : चित्रपट एकट्या रॉबर्टसनभोवती फिरतो, रिचर्ड आणि गार्थ त्यात जवळपास नाहीत, आणि मुळात ग्रुप मोडावा असं आपल्याला वाटतच नव्हतं. हे मी पूर्वी वाचलं होतं आणि दोन मित्रांमधलं भांडण म्हणून सोडून दिलं होतं. नोंद काढल्यावर तसं सोडता येईना. भांडणात एक जण जे म्हणत होता ते माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होतं.

मग चित्रपट मनातून उतरला का? मुळीच नाही. उलट आता तो मला जास्त कळतो आणि जास्त जवळचा वाटतो. त्याची मांडणीच बघा. निरोपाचा चित्रपट सुरू होतो शेवटच्या गाण्यापासून. मैफल संपलेली आहे, लोक जात नाहीत, पाच जण परत मंचावर येतात, अजून एकच गाणं आणि मग झालं असं रॉबर्टसन सांगतो, लोकांना सणाच्या शुभेच्छा देतो. तिथून आपण मागे जातो. हे कळल्यावर पुढचं प्रत्येक गाणं ऐकताना शेवट आधीच घडून गेलेला असतो. पाहुण्यांचा क्रमही चित्रपटात बदललाय. त्या रात्री मडी वॉटर्स आणि क्लॅप्टन आधी येऊन गेले, नील यंग आणि जोनी मिचेल नंतर. चित्रपटात नील यंग बराच आधी येतो. त्याच्या ‘हेल्पलेस’मध्ये वरच्या पट्टीतला एक बाईचा आवाज येतो, तो जोनीचा. तिचं स्वतःचं आगमन अजून व्हायचं होतं म्हणून ती पडद्यामागून गात होती, आणि अंधारात तिची नुसती आकृती आपल्याला दाखवली जाते. माझ्या दोन रकान्यांचा हा उलटा नमुना. इथे न दिसणं ठरवून केलंय, आणि म्हणूनच ते इतकं सुंदर लागतं.

क्लॅप्टनच्या गाण्यातला क्षण तर मी नव्या माणसांना शिकवताना वापरते. सोलो सुरू होतो न होतो तोच त्याच्या गिटारचा पट्टा सुटतो. गिटार खाली घसरते, तो ती सावरतो आणि त्याच श्वासात रॉबर्टसन सोलो उचलतो, ताल कुठेही न मोडता. कॅमेरा क्लॅप्टनवरून रॉबर्टसनवर जातो. रॉबर्टसनवर लेव्हननं केलेले सगळे आरोप मनात ठेवून हा क्षण बघितला तरी मान्य करावं लागतं, माणूस पट्टीचा वाजवणारा होता. डिलनचीही गंमत अशीच. त्याचा स्वतःचा चित्रपट तेव्हा तयार होत होता, त्यामुळे चित्रण करू द्यायला त्याची अगदी ऐन वेळेपर्यंत तयारी नव्हती, आणि शेवटी त्याच्या वाट्यातला अखेरचा भागच टिपता आला. बघताना हे मुळीच जाणवत नाही. जे मिळालं ते पुरेसं वाटावं असं लावणं, हे संकलकाचं खरं कसब.

आणि रिक डँको. मला वाटतं चित्रपटातलं सगळ्यात खरं काही असेल तर ते त्याच्याजवळ आहे. मैफल होऊन गेल्यानंतरची मुलाखत, त्यांच्या मालिबूच्या स्टुडिओत. आता पुढे काय करतोस, असं स्कोर्सेसी विचारतो. रिक म्हणतो, संगीत करतोय, कामात राहायचा प्रयत्न करतोय. आणि नव्या, एकट्याच्या गाण्याचं मुद्रण लावतो. गाणं वाजत राहतं, तो डोक्यावरची हॅट खाली ओढून ऐकत बसतो. रॉबर्टसननं आधी निरोपाबद्दल जे जे छान बोलून ठेवलंय, त्याचं उत्तर या शॉटमध्ये मिळतं. एकानं थांबायचं ठरवलं होतं, बाकीच्यांना उद्या सकाळी उठून काय करायचं ते माहीत नव्हतं. कॅमेरा त्याच्यावरून लवकर हलत नाही. स्कोर्सेसीनं चित्रपट एका बाजूनं केला, हे मला आता नक्की वाटतं. पण हा शॉट त्यानंच ठेवला, हेही तितकंच नक्की.

पुढचा इतिहास चित्रपटात नाही, पण नोंद संपवताना मी तो शेवटच्या पानावर लिहिला. १९८३ साली रॉबर्टसनशिवाय बाकीचे पुन्हा एकत्र आले आणि दौऱ्यावर गेले. १९८६ साली, दौऱ्यावर असतानाच, रिचर्डनं आयुष्य संपवलं. रिक १९९९ साली गेला, लेव्हन २०१२ साली, रॉबर्टसन २०२३ साली आणि सगळ्यात शेवटी, जानेवारी २०२५ मध्ये, गार्थ. विंटरलँड १९७८ च्या अखेरीला बंद झालं, पुढे पाडलं गेलं. हे लिहिताना ‘रस्ता माणसं गिळतो’ हे रॉबर्टसनचं बोलणं आठवलं. रिचर्डच्या बाबतीत तो बरोबर ठरला आणि ते मान्य करताना फार वाईट वाटतं.

या नोंदीनंतर माझ्या कामात झालेला बदल सांगते. पूर्वी मी चित्रीकरण हातात आलं की मुख्य गायकाचे चांगले शॉट आधी निवडायची आणि बाकीचे पोकळ्या भरायला वापरायची. आता मंचावरच्या प्रत्येकाची वेगळी बिन, म्हणजे त्याच्या शॉटचा वेगळा कप्पा, करते, साथीदाराची, टाळ धरणाऱ्याचीसुद्धा. पहिला कट झाला की तेच दोन रकाने काढते आणि ज्याचा आवाज भरपूर पण चेहरा नाही, त्याच्यासाठी परत चित्रीकरणात शिरते. बऱ्याचदा काही सापडत नाही, कारण कॅमेरा तिकडे कधी वळलेलाच नसतो. म्हणून चित्रीकरणाच्या आधीच्या बैठकीत आता मी जाऊन बसते आणि एक कॅमेरा कुठल्याच ठरलेल्या यादीत घालू नका अशी मागणी करते. काही जण ऐकतात, काही जण खर्चाचं कारण देऊन नाही म्हणतात.

चित्रपट बघितला नसेल तर पहिल्यांदा सरळ, मोठ्या आवाजात बघा, रकाने-बिकाने विसरून. रॉनी हॉकिन्स आपली टोपी काढून रॉबर्टसनच्या गिटारवर वारा घालतो तिथे हसा, व्हॅन मॉरिसन लाथा उडवत मंचावरून निघतो तिथे टाळ्या वाजवा. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा पाचांपैकी एकाला धरा आणि दोन तास फक्त त्याचाच माग काढा. मी सांगेन रिचर्डला धरा. डोळ्यांना सापडला नाही तर कानांनी शोधा, तिघं मिळून गात असतात तेव्हा सगळ्यात वरचा सूर बहुतेक वेळा त्याचा असतो.